वास न येणाऱ्याने पाहिलेला ‘गंध’

सचिन कुंडलकर यांचा ‘गंध’ हा चित्रपट २००९ साली प्रदर्शित झाला. ‘लग्नाच्या वयाची मुलगी’, ‘औषध घेणारा माणूस’ आणि ‘बाजूला बसलेली बाई’ अशा तीन स्वतंत्र गोष्टी, आणि त्यांना जोडणारा धागा वासाचा. छप्पन्नाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत याला दोन पारितोषिकं मिळाली, एक पटकथेसाठी आणि दुसरं ध्वनीसाठी. वासावरच्या सिनेमाला आवाजाचं बक्षीस मिळावं हे ऐकायला गमतीचं वाटतं, पण नीट विचार केला तर त्यात आश्चर्य काही नाही. पडद्यावरून वास येत नाही. तो येतोय असं भासवायचं तर दिग्दर्शकाच्या हातात नटाचा चेहरा, कॅमेरा आणि आवाज एवढंच असतं. म्हणजे थिएटरात बसलेला प्रत्येक माणूस त्या दोनेक तासांपुरता वास न येणारा माणूस असतो. समोरची बाई डोळे मिटून खोल श्वास घेते आणि आपण तिच्या शब्दावर विश्वास ठेवतो.

मी त्या दोन तासांनंतरही तसाच राहतो. २०२१च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, मला कोरोना झाला. परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या झरी या आमच्या गावी राहून तेव्हा मी कंपनीचं काम घरून करत होतो. ताप पाच दिवसांत उतरला, वास मात्र गेला तो परत आला नाही. हे इथं सांगण्याचं कारण एवढंच की त्यानंतर जे मराठी वाचलं आणि पाहिलं, त्यातले वासाचे उल्लेख मला वेगळे दिसू लागले. लेखक वासाकडून काय काम करून घेतो, कुठे त्याला खरंच वासाची गरज असते आणि कुठे तो नुसता शिक्का मारून पुढे जातो, हे ज्याला वास येत नाही त्याला जरा स्पष्ट दिसतं असं माझं म्हणणं आहे. हा लेख त्या म्हणण्याची तपासणी आहे.

शब्द नसलेलं व्यंग

आधी भाषेकडे पाहू. दिसत नाही तो आंधळा, ऐकू येत नाही तो बहिरा, बोलता येत नाही तो मुका. लंगडा, पांगळा, थोटा, चकणा, तोतरा असे शब्द आपण सढळ हाताने वापरत आलो. ते कठोर आहेत, त्यातले बरेच आता सभ्य लिखाणातून बाद झाले आहेत, पण निदान आहेत. वास न येणाऱ्या माणसासाठी रोजच्या मराठीत शब्दच नाही. ‘नकटा’ आहे, पण तो नाकाच्या आकाराबद्दल.

नाकावरून मराठीत वाक्प्रचार किती! नाक मुरडणं, नाक खुपसणं, नाक घासणं, नाक कापलं जाणं, नाकी नऊ येणं, नाकाने कांदे सोलणं, नाकासमोर चालणं. यातल्या एकातही नाक वास घेत नाही. मराठी नाक अब्रूचं आहे, शिष्टपणाचं आहे, श्वासाचं आहे. हुंगणं हे त्याचं काम भाषेने जवळपास कुत्र्यांवर सोडून दिलं आहे.

व्याकरणही पाहण्यासारखं आहे. आपण रंग पाहतो, आवाज ऐकतो, पण वास ‘येतो’. ‘वास घेणं’ आहे, पण ते मुद्दाम केलेलं काम. एरवी वास आपल्या पायाने येतो आणि माणूस नुसता जागेवर असतो. त्यामुळे ‘मला वास येत नाही’ या वाक्यात तक्रार कुणाची, नाकाची की वासाची, हे ठरत नाही. माझी आज्जी बरेच महिने विचारायची, “लेकरा, वास येऊलालाय का रे आता?” जसं काही गावाला गेलेलं कुणी परत यायचं आहे. आणि पुढे विशेषण न लावता कुणी नुसतं ‘वास येतोय’ म्हणालं तर तो वाईटच असतो. चांगला असेल तर सुवास, दरवळ, घमघमाट असे वेगळे शब्द काढावे लागतात.

अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’त पृथ्वीची ओळखच गंधावरून करून दिलेली आहे, गंध हा फक्त पृथ्वीचा गुण. मातीच्या वासाने हळवं होणाऱ्या आपल्या साहित्याला याहून मोठा आधार कुठला मिळणार? पण त्याच ग्रंथात रंगाचे प्रकार सात, चवीचे सहा आणि गंधाचे फक्त दोन सांगितले आहेत, सुरभी आणि असुरभी. चांगला आणि वाईट. एवढ्या काटेकोर वर्गीकरण करणाऱ्या परंपरेने वासाशी येऊन हात टेकले, आणि वर्णनाच्या जागी पसंती-नापसंती ठेवली. माझ्या मते मराठी साहित्यातल्या वासाचं पुढचं पुष्कळसं दुखणं इथून सुरू होतं.

शिक्क्यासारखा वास

पहिला पाऊस, मृद्गंध. श्रावण, प्राजक्त. आजी, लुगडं. दिवाळी, उटणं. शाळा, नवी पुस्तकं. ललित लेखन थोडंफार वाचणाऱ्या कुणालाही या जोड्या पाठ असतील. पहिल्या पावसानंतर येणाऱ्या मातीच्या वासाला १९६४ साली इसाबेल जॉय बेअर आणि आर. जी. थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी इंग्रजी नाव दिलं. जमिनीतले सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात, त्याचा त्या वासात मोठा वाटा. कनौजमध्ये भाजलेल्या मातीपासून अत्तर काढतात. म्हणजे हा वास बाटलीतही मिळतो. मराठी ललित गद्यातही तो बऱ्याचदा बाटलीतूनच आलेला असतो.

मी एक सोपी चाचणी करून पाहू लागलो. वाक्यातून वास काढून टाकायचा आणि काय बिघडतं ते पाहायचं. आमच्या कामात एखादा कोडचा तुकडा काढला आणि प्रोग्राम तसाच चालला, तर तो तुकडा कधी चालतच नव्हता असं समजतात. ‘पहिला पाऊस पडला आणि मातीचा सुगंध दरवळला’ यातला उत्तरार्ध काढा, काही होत नाही. ज्याला वास येतो तो वाचक स्वतःच्या आठवणीतून ती जागा भरून घेतो आणि श्रेय लेखकाला देतो. २००६ साली एका प्रयोगात, दालचिनीसारखे वासाचे शब्द नुसते वाचले तरी मेंदूतली वासाशी संबंधित केंद्रं जागी होतात असं दिसलं. शिक्का चालतो तो यामुळे. काम वाचकाचा मेंदू करतो, लेखकाने फक्त कळ दाबलेली असते.

दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’ला (१९५६) ही चाचणी लावली तर पुस्तक उभं राहतं. एकेका महिन्यावरचा एकेक लेख, आणि त्यात कुठलं झाड केव्हा पालवतं, पान कोवळं असताना कुठल्या रंगाचं असतं, फूल केव्हा उमलतं आणि केव्हा गळतं याचं बारीक निरीक्षण. त्यांचे गंध मला आता येत नाहीत, पण त्या गंधाभोवतीची वेळ, झाड, ऊन, रंग हे सगळं जागेवर असतं. वास तिथं एका मोठ्या हिशेबातली एक नोंद आहे. ती नोंद पुसली तरी बाकीचा हिशेब लागतो, आणि तो लागतो म्हणून पुसलेल्या जागी काय असेल याचा अंदाजही बांधता येतो.

ज्ञानेश्वरांनी तर हा प्रश्न फार पूर्वी उलटा करून ठेवला आहे. ‘ज्ञानेश्वरी’च्या सहाव्या अध्यायात आपल्या मराठी बोलाबद्दल सांगताना ते म्हणतात की हा बोल इतका रसाळ होईल की इंद्रियांमध्ये त्याच्यावरून भांडण लागेल. शब्द खरं तर कानाचा विषय, पण जीभ म्हणेल हा रस माझा, आणि नाकाला वाटेल हा आपल्याच वाट्याचा परिमळ आहे. युरोपात कांटने १७९८ सालच्या ग्रंथात वास हे सगळ्यांत बिनमहत्त्वाचं, जोपासून फायदा नसलेलं इंद्रिय ठरवलं. त्याच्या पाचशे वर्षं आधी एक मराठी कवी नाकाला शब्दांच्या मेजवानीचं आमंत्रण देतो, हे मला आज वेगळ्या कारणाने महत्त्वाचं वाटतं. त्यांचा दावा असा नाही की शब्द वासाची आठवण करून देतील. दावा असा आहे की शब्द स्वतःच नाकाला पुरेल. ज्याचं नाक चालत नाही त्याच्यासाठी हा दावा खरा आहे का? माझा अनुभव सांगतो, क्वचित. पण साहित्याकडून मागायचं ते एवढंच मोठं मागावं, हे मला पटतं.

सुरभी कोणाचा, असुरभी कोणाचा

वासाचे दोनच प्रकार केले की ते दोन प्रकार माणसांनाही लागू पडतात. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली आलं. मेलेल्या जनावराचं मांस, ते वाळवून ठेवणं, गावातला महारवाडा आणि मुंबईतला कावाखाना यांचं जगणं त्यात आलं आणि मराठी मध्यमवर्गीय वाचकाच्या नाकाला पहिल्यांदा मोठा धक्का बसला. आमच्या मराठवाड्यातल्या शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) हे पुस्तक तर पूर्णपणे महार आणि मांग समाजांच्या स्वयंपाकाबद्दल आहे. नावातच ‘पूर्णब्रह्म’ म्हणणाऱ्यांना उत्तर आहे.

हे पुस्तक मी वास गेल्यावर वाचलं, आणि चान्यांपाशी थांबलो. चान्या म्हणजे मांसाच्या पट्ट्या कापून उन्हात वाळवायच्या आणि पुढे पुरवून खायच्या. लोणी कढवून तूप करण्यामागेही मूळ गरज तीच आहे. घरात आलेला स्निग्ध किंवा मांसल पदार्थ नासायच्या आत टिकाऊ करायचा. वास बाजूला काढला तर ही दोन घरगुती तंत्रं शेजारी शेजारी बसतात. एकाला खमंग म्हणायचं आणि दुसऱ्याला घाण, हा निकाल नाकाने दिल्यासारखा वाटतो. पण ते नाक कुठल्या घरात वाढलं यावर तो निकाल आधीच ठरलेला असतो.

यावरून वास गेला की जातीचा संस्कारही गेला असं कुणी म्हणेल, तर ते खरं नाही. किळस नाकावाटेच येते असं नाही, ती शब्दातूनही येते. वास शून्य असताना नुसत्या वर्णनाने अंग मागे सरतं याचा अनुभव मला आहे. नाक बंद असतानाही नाक मुरडता येतं. म्हणूनच मला पाटोळ्यांची रीत महत्त्वाची वाटते. ते प्राण्याचा कुठला भाग, कसा कापायचा, कसा शिजवायचा हे सरळ सांगतात. वाचकाच्या हातात विशेषण न देता कृती देतात. कृतीला सुरभी-असुरभी नसतं. मराठीत वासाचं लेखन सुधारायचं असेल तर त्याचा एक धडा पाककृतींच्या पुस्तकात आहे, हे समीक्षेने कधी तरी लक्षात घ्यायला हवं.

लक्षण आणि आयुष्य

१३ जून २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने वास आणि चव जाणं हे कोविडच्या लक्षणांच्या यादीत घातलं. त्यानंतर काही महिने हा विषय सगळ्यांच्या तोंडी होता. त्या काळातलं जे मराठी लिखाण मी वाचलं, त्यात वास जाणं हा एक छोटा प्रसंग असतो. कुणी अत्तराची बाटली नाकाशी धरतं, काही येत नाही, पोटात गोळा येतो. मग तपासणी, विलगीकरण, आणि शेवटी एका सकाळी चहाचा वास येतो आणि लेख संपतो. बहुतेकांचं खरोखर तसंच झालं, त्यामुळे तसं लिहिण्यात गैर काही नाही. पण २०२२ साली ‘बीएमजे’मध्ये आलेल्या एका एकत्रित अभ्यासानुसार पाच-सहा टक्के लोकांची वासाची तक्रार सहा महिन्यांनंतरही टिकून राहिली असावी. कोट्यवधींच्या साथीत पाच-सहा टक्के म्हणजे एका मोठ्या शहराहून जास्त माणसं. त्यांच्यासाठी शेवटचा परिच्छेद कुणी लिहिला नाही.

तो लिहायला अवघड का, याचं कारण या अनुभवाच्या घडणीत आहे. नाकाच्या वरच्या टोकाशी वास ओळखणाऱ्या चेतापेशी असतात आणि त्यांना आधार देणाऱ्या दुसऱ्या पेशी असतात. कोरोनाचा विषाणू मुख्यतः या आधारपेशींवर हल्ला करतो. त्या कोलमडल्या की वास ओळखण्याची सगळी घडी विस्कटते. पुढे काहींची घडी चुकीची बसते. माझ्या बाबतीत साताठ महिन्यांनी कांद्याच्या फोडणीला जळक्या रबरासारखा काहीतरी वास येऊ लागला. ते महिने आईने घरात कांदा परतलाच नाही. मग तोही वास गेला आणि कांदा पुन्हा मुका झाला. यावर डॉक्टर सांगतात तो उपाय जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांच्या २००९ सालच्या अभ्यासातून आलेला आहे. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे चार वास दिवसातून दोनदा, निदान बारा आठवडे, लक्ष देऊन हुंगायचे. काहींना त्याचा फायदा होतो. पण कथनाच्या दृष्टीने पाहा: रोज सकाळ-संध्याकाळ एक माणूस लवंगेच्या डबीत नाक घालून बसतो आणि काहीही घडत नाही. यात प्रसंग कुठला? नाट्य कुठलं?

शिवाय या अभावाला स्वतःचं रूप नसतं. आंधळेपणा दाखवायला पडदा काळा करता येतो, बहिरेपणासाठी आवाज बंद करता येतो. वास नसणं दाखवायला काय बंद करणार? प्रोग्रामिंगमध्ये ‘शून्य’ आणि ‘नल’ असा फरक असतो. शून्य म्हणजे मोजलं आणि काही सापडलं नाही; नल म्हणजे मोजमापच झालेलं नाही. मला खोली कायम शून्य वाटते, प्रत्यक्षात ती नल असते. स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन मिसळतात. १९३७ साली टेक्सासमधल्या न्यू लंडनच्या शाळेत वास नसलेल्या नैसर्गिक वायूचा स्फोट होऊन शेकडो मुलं आणि शिक्षक गेले, त्यानंतर अशी मिसळण सक्तीची होत गेली. एका शतकातली ही सगळी खबरदारी माझ्या नाकाशी येऊन थांबते. म्हणून आमच्या स्वयंपाकघरात, जमिनीलगत, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो, मी एमक्यू-६ हा सेन्सर आणि एक भोंगा बसवला आहे. दूध नासलं का हे आई सांगते. माझ्या अंगाला घामाचा वास येतोय का हे विचारायला माणूस लागतं, आणि ते रोज विचारता येत नाही.

जेवणाचं तर सगळ्यांत विचित्र. गोड, आंबट, खारट, कडू, तिखट, तुरट, आपल्या परंपरेने सांगितलेल्या षड्रसांपैकी माझा एकही गेलेला नाही. मिरचीचा ठसकाही तसाच लागतो, कारण ठसका आणि झणझणी वेगळ्या चेतेवाटे मेंदूकडे जातात. सहाच्या सहा रस जागेवर आहेत, आणि तरी येसराची आमटी आणि गरम तिखट-मिठाचं पाणी यांत मला फार फरक करता येत नाही. म्हणजे चवीचं आपलं सगळं शास्त्र ज्या पाटावर बसून जेवत होतं, तो पाट वासाचा होता आणि त्याचं नाव यादीत नव्हतं. ‘खमंग’ हा एक शब्द तेवढा ते जाणतो. त्यात वास, चव आणि भाजण्याचा आवाज एकत्र आहेत. मराठीतला हा मला सर्वांत हुशार शब्द वाटतो.

आज्जी २०२३च्या डिसेंबरात गेली. तिची गोधडी माझ्याकडे आहे. ललित लेखनातला सर्वांत झिजलेला शिक्का आजीच्या लुगड्याचा, हे वर लिहिलंच आहे. तो शिक्का मला वापरताच येत नाही, तेव्हा त्याच्याखाली काय होतं ते कळतं. घरातले बाकीचे ती गोधडी नाकाशी धरतात आणि दोन मिनिटं कुणी बोलत नाही. माझ्याकडे टाके आहेत, कुठलं ठिगळ कोणत्या लुगड्याचं ते आहे, ती सुई ओवायला मला हाक मारायची ते आहे. लिहायचं ठरवलं तर मला एवढ्यातूनच लिहावं लागेल. आणि मला वाटतं, ज्यांना वास येतो त्यांनीही आधी एवढं लिहावं आणि मग वासाकडे वळावं.

पुन्हा तीन गोष्टींकडे

या नजरेने ‘गंध’ पाहिला की तीन गोष्टींचा क्रम माझ्यापुरता बदलतो. पहिली गोष्ट सर्वांत गाजलेली. अमृता सुभाष यांनी केलेली लग्नाच्या वयाची मुलगी एका चित्रकलेच्या विद्यार्थ्याच्या अंगाच्या वासाने ओढली जाते. गोष्टीत विनोद आहे, घरातला कलकलाट आहे, आणि मुलीला इच्छा असते आणि तिचं इंद्रिय नाक असू शकतं हे सांगण्याचं धाडस आहे. पण शेवटी वासाचा उगम सापडतो, अगरबत्तीच्या कारखान्यात. उगम सापडला की वास सुरभीच्या खात्यात जमा होतो आणि प्रश्न मिटतो. तो वास घामाचा, तेलाचा, कुणाला न आवडणारा असता तर? कुंडलकरांनीच २०१२ साली याच गोष्टीवर ‘अय्या’ हा हिंदी चित्रपट केला. तीनपैकी हीच गोष्ट हिंदीत जावी याचं मला नवल वाटत नाही.

दुसरी गोष्ट माझी, असं मी पाहण्याआधी धरून चाललो होतो. मिलिंद सोमण यांचं पात्र एचआयव्हीबाधित आहे, त्याला वास येईनासा झाला आहे, आणि दुरावलेली पत्नी, सोनाली कुलकर्णी, त्याला भेटायला येते. मराठी पडद्यावर वास गेलेला माणूस इतक्या गांभीर्याने आलेला मला दुसरा माहीत नाही. तरी इथं माझी तक्रार आहे. सुझन सोंटॅगने १९७८ साली आजाराला रूपक करण्यावर टीका केली आणि १९८९ साली ती एड्सबद्दल पुढे नेली. या गोष्टीत वास जाणं हे नातं विझण्याचं, आयुष्य हातातून सुटण्याचं चिन्ह होतं. चिन्ह म्हणून ते सुंदर आहे. पण चिन्हाला गॅस बंद करावा लागत नाही, उद्या सकाळी पुन्हा उठून पोहे खावे लागत नाहीत. ज्याचं दुखणं रूपक झालं त्याचा दिवस गोष्टीतून हरवतो.

तिसरी गोष्ट मात्र मी पुन्हा पुन्हा पाहिली. नीना कुलकर्णी यांनी केलेली, पाळी आली म्हणून बाजूला बसलेली कोकणातली बाई. घरात नवं बाळ येतंय, पाऊस आहे, आणि तिला आत जायची मुभा नाही. दारातून तिच्यापर्यंत पोहोचतात ते आवाज आणि वास. या गोष्टीत वास येणारी बाई आहे आणि तरी ती मला सर्वांत जवळची वाटते, कारण तिचा विषय अंतर हा आहे. घर तिचं, माणसं तिची, आणि तिच्या व घराच्या मध्ये एक रेघ. पावसाचा, भांड्यांचा, पावलांचा आवाज कॅमेऱ्याआधी आत जातो आणि तिचा चेहरा त्याच्या मागे. कुठलाही वास मला आला नाही. पण कोणता वास केव्हा आला असेल आणि तिने तो का धरून ठेवला असेल, हे प्रत्येक वेळी कळलं. ध्वनीचं पारितोषिक या गोष्टीसाठी होतं असं मी मानतो.

ही गोष्ट माझ्या चाचणीला उतरते याचं कारण तिच्यात वासाला काम आहे. तो तिथं सजावट म्हणून येत नाही आणि रूपक म्हणूनही बसवलेला नाही. ज्या बाईला हात लावायची मनाई आहे तिच्यासाठी घरात शिरायची ती एकच वाट आहे. तीही बंद झाली तर काय, असा प्रश्न चित्रपट विचारत नाही; विचारायची गरजही नाही. मराठीत तो प्रश्न विचारणारं पुस्तक अजून यायचं आहे. एखाद्या विषयाचं आपल्याला काहीच कळत नसेल तर आपण म्हणतो, त्याचा मला गंधही नाही. ते पुस्तक लिहिणाऱ्याला हा वाक्प्रचार उलट्या बाजूने शिकावा लागेल. गंध नाही, आणि म्हणून तो काय काय करत होता याची एकेक नोंद ठेवावी लागली, अशा माणसाच्या बाजूने.